गिदोन झाला!

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या वर्कशॉपात किस्से साठायचे. झाडून काढा, दुसऱ्या दिवशी परत ढीग! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरजवळ नागापूरला लेथवर होतो आणि त्यातले निम्मे किस्से एकाच माणसाच्या नावावर जमा. गिदोन! मिरजगावच्या ख्रिस्ती घरातला, आमचा वेल्डर, आणि कबड्डीच्या टीममध्ये चढाईला.

*

पहिल्याच सामन्यात गडी मांडीवर थाप मारून पलीकडे घुसला आणि तिथंच राहिला! सगळ्यांनी मिळून त्याला झोपवला. पुढच्या सामन्यात तेच. त्यानंतर तो चढाईला निघाला की आम्ही हात हलवून निरोपच द्यायचो.

एके दिवशी नगरात पार्ट आणायला गेलेला टेम्पो संध्याकाळ झाली तरी येईना. शिंदे फोरमन दारात उभे राहून म्हणाले, "टेम्पोचा गिदोन झाला!"

झालं! तेव्हापासून जे गेलं आणि परत आलं नाही, त्याचा गिदोन. छत्री, पाना, उसना दिलेला डबा, सगळ्यांचा.

*

एकदा शिंदे स्वतःच पंखे मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेले. जेवणाची सुट्टी संपली तरी बाहेर येईनात. काचेतून दिसत होतं, साहेब बोलतायत आणि फोरमन नुसती मान डोलावतायत.

गिदोननं चष्मा कपाळावर सारला. "ह्याला तरी माझं नाव देऊ नका. ह्यो शिंदेच झाला!"

पंखे काही आले नाहीत.

*

स्टोअरला नवा क्लार्क आला, पुण्याचा. गिदोन ग्राइंडर मागायला गेला, तर हा ऐटीत म्हणतो, "देतो, पण परत आणा. नाहीतर गिदोन व्हायचा! नाव काय तुमचं?"

"गिदोन."

बिचाऱ्यानं ग्राइंडर तर दिलाच, वर स्वतःचा चहाही पुढं सरकवला.

*

हसून हसून आमची पोटं दुखली, पण त्या दिवशी गिदोन हसला नाही. वेल्डिंग बंद करून सगळ्यांसमोर उभा राहिला.

"आईनं लई हौसेनं ठेवलंय नाव. बायबलातला गिदोन मूठभर मानसं घेऊन गेला अन् फौज हरवून आला. तुमी त्याची पार शिवी केली."

शिंदे म्हणाले, "परत आला ना? मग तो आपल्या कंपनीतला न्हाई!"

सगळे हसले, मीही हसलो. गिदोनचं तोंड मात्र एवढंसं झालं. "औंदा सामने माझ्या गावाला हायत. तिथं ह्याच नावानं वरडायला लावतो का न्हाई बघा!"

*

मिरजगावला फायनल. पाऊस नव्हता, मैदान नुसतं दगड. सगळं गाव लोटलेलं आणि बायकांच्या पुढच्या रांगेत गिदोनची आई, नवं लुगडं नेसून. सामना बरोबरीत, शेवटची चढाई, आणि आमच्याकडं उरलेला एकच गडी. कोण? गिदोन!

शिंद्यांनी डोळेच मिटले. "गेला," म्हणाले.

गिदोन घुसला. एकाला शिवला आणि वळला, तेवढ्यात एकानं पाय धरला, दुसऱ्यानं कंबर, तिसरा पाठीवर! पालथा पडला, पण तोंडातली कबड्डी थांबेना. तिघांना घेऊन कोपरांवर सरकतोय, चड्डी फाटतेय, गुडघे फुटलेत. हात लांबवला आणि बोटं मधल्या रेषेवर!

पंचांनी शिट्टी मारली आणि गाव उठलं! "गिदोन! गिदोन! गिदोन!" सगळ्यात मोठा आवाज आमच्या फोरमनचा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय, टोपी कुठं उडाली त्याचा पत्ता नाही. माझाही घसा बसला. आम्ही त्याला खांद्यावर घेतला.

एवढ्यात गर्दी बाजूला सारत त्याची आई आली. वर बघून कडाडली, "गिद्या! खाली उतर आधी! नवी चड्डी फाडलीस व्हय रं?"

शिंदे फोरमननी तिच्यापुढं हात जोडले.

"मावशी, गिदोनराव म्हणा!"