ओळखत नाही असं मी लिहून दिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या एका गोष्टीपाशी आले की घाईघाईने पुढे सरकते — जसं काही देवाला कळतच नाही! तुम्हाला का सांगतेय? कारण तुम्ही कधी माझ्या दाराची बेल वाजवणार नाही. बेलची मला भीती वाटते. तीन वर्षं झाली, अजून वाटते. बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बघते, मग साखळी लावूनच दार उघडते. लोकांना वाटतं, एकटी बाई आहे, काळजी घेते. घेऊ दे वाटून.

मी मूळची साताऱ्याकडची. केंद्र सरकारच्या एका खात्यात आयुष्य घालवलं आणि नोकरीची शेवटची सहा वर्षं कोलकात्यात, खिदिरपूरच्या ऑफिसात काढली. राहायला बालीगंजला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. नवरा आधीच गेलेला, मुलगा बंगळूरला. बरोबर माझी आई — ब्याऐंशी वर्षांची, डाव्या अंगावरून वारं गेलेली.

आणि मी राजपत्रित अधिकारी. हे सांगायला हवंच, कारण सगळी गोम तिथेच आहे. हिरव्या शाईचं पेन, गोल शिक्का, त्याखाली माझी सही — की कागद खरा. माणूस खरा की खोटा हे माझ्या सहीवर ठरायचं हो! मला त्याचा माज होता. आता सौम्य शब्द कशाला शोधू? माजच होता. शिक्का ऑफिसात ठेवायचा असतो, मी तो पर्समध्ये घेऊन फिरायचे. शेजारपाजारचे लोक झेरॉक्स घेऊन यायचे, मी चहा पीत पीत सह्या ठोकायचे. आई म्हणायची, "कुंदे, तुझ्या सहीला काही मोल ठेव गं." मी हसायचे.

आईला सांभाळायला आमच्याकडे मिनती यायची. आया सेंटरमधून. इथे गल्लोगल्ली अशी सेंटरं असतात — एक खोली, एक फोन, आणि तो फोन घेऊन बसलेली एक जबरदस्त बाई. ती सांगेल ती आया येणार, ती म्हणेल तेव्हा बदलणार. मिनती मंडल, वय असेल चाळीसच्या आसपास, इथल्या हिंदू सवाष्णींसारख्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, भांगात शेंदूर. सकाळी सातला यायची, संध्याकाळी सातला जायची. आईला अंघोळ घालायची, कूस बदलायची, मऊ भात भरवायची. पहिल्या वर्षातच ती मराठी शिकली. "आई, उठा." "आई, आ करा." "आई, रुसू नका." माझ्या स्वतःच्या मुलाला एवढं धड मराठी येत नाही. आईही तिला मिने म्हणायला लागली. आई माझ्यावर ओरडायची, मिनतीवर कधी नाही.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. मिनती आत आली, दार लोटलं, आणि हातातल्या त्या पांढऱ्या बांगड्या उतरवून ओट्यावर ठेवल्या. म्हणाली, "दीदी, माझं नाव मिनती नाही." तिचं नाव मोमेना. मोमेना बीबी. सेंटरच्या बाईनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं — या नावाने तुला कुणी घरात घेणार नाही, हे दुसरं घे. नाव सेंटरने दिलं, बांगड्याही सेंटरने दिल्या.

गाव तिचं खाली समुद्राकडे, कॅनिंगच्या बाजूला. वादळात घर गेलं, मग जमीनही खाऱ्या पाण्याने गेली. नवरा आणि मुलगी घेऊन ती इथे रेल्वेलाइनच्या कडेला वस्तीत आली. पण सगळे कागद त्या गावच्या पत्त्याचे, आणि त्या पत्त्यावर आता माणूस राहत नाही. त्या वर्षी वस्तीत सगळ्यांची पळापळ चालली होती. कागद नीट करा, पत्ता नीट करा, नाहीतर सरकारी यादीतून नाव जाईल. नाव गेलं की मग तू कुठली? कोण विचारेल, कुठे पाठवेल, काय सांगावं?  

पत्त्याचा दाखला कुणाकडून मिळतो? एक तर नगरसेवकाकडून, नाहीतर राजपत्रित अधिकाऱ्याकडून. आणि नगरसेवकाकडे जायचं तर आधी क्लबकडे. हे बाहेरच्याला कळत नाही. इथल्या प्रत्येक पाड्यात, म्हणजे आळीत, एक क्लब असतो. बाहेरून पाहाल तर कॅरम आणि टीव्ही. पण खोली कुणाला भाड्याने मिळणार, घराचं काम काढलं तर वाळू-विटा कुणाकडून घ्यायच्या, नवरा-बायकोचं भांडण कोण मिटवणार — सगळं क्लबचा सेक्रेटरी ठरवणार. सरकार लांब, क्लब कोपऱ्यावर. तो मोमेनाला दाखला मिळवून देणार होता. बदल्यात एवढंच, की बोलावलं की मिरवणुकीला यायचं, सांगितलं ते करायचं, आणि 'का' विचारायचं नाही.

मी काय म्हणाले माहीत आहे? "त्या गुंडांच्या दारात कशाला जायचं? मी आहे ना!"

त्या 'मी आहे ना'चा आवाज मला अजून ऐकू येतो. काय तो तोरा! खरं सांगू, मला फार छान वाटत होतं. माझ्या मनात असला जातधर्म काही नाही, मी किती मोकळ्या विचारांची — असं स्वतःलाच शाबासकी देत मी पर्समधून शिक्का काढला. ती क्लबकडे गेली असती तर तिचं काम झालं असतं. मिंधी झाली असती, पण झालं असतं. तिला त्या वाटेवरून मी ओढून काढलं. हिरव्या शाईत लिहिलं — मोमेना बीबी यांना मी गेली तीन वर्षं व्यक्तिशः ओळखते. सही. शिक्का. तिने कागद कपाळाला लावला. आईला मात्र हे कळू द्यायचं नाही, असं मी तिला बजावलं. आईचं सोवळं मला ठाऊक होतं. म्हणजे माझा मोकळेपणा स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच होता, नाही का?

महिन्याभराने पोलीस चौकीचा एक माणूस त्या दाखल्याची तपासणी करायला, वस्तीत विचारत विचारत, साध्या कपड्यांत आमच्या बिल्डिंगीत आला. वॉचमनला विचारलं, इथे मोमेना बीबी कामाला येते का? वॉचमनने वही उघडली. वहीत मिनती मंडल. मोमेना कुणी नाही, म्हणजे कागद संशयाचा. एका बाईची दोन नावं — आणि खऱ्या नावाखाली सरकारी अधिकाऱ्याची सही. झालं! ऑफिसला पत्र आलं. सही खरी आहे काय? सदर अधिकारी या बाईला ओळखतात काय?

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट नव्हते. वाईट असते तर कदाचित मी भांडले असते, भांडायला मी कधी मागे नसते. पण त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, पत्र माझ्याकडे सरकवलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचा शिक्का कुणी चोरून वापरला असेल. असंच झालं असेल ना?"

बघा, उत्तर त्यांनी तयार करूनच दिलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. खात्याची चौकशी म्हणजे काय ते मी पाहिलेलं होतं — आमच्यातलेच एक गृहस्थ, साध्या एका दाखल्यावरून चार वर्षं जिने चढत होते. आणि हे प्रकरण साधं नव्हतं. दोन नावं, तसली वस्ती, तसला काळ. घरमालक काय म्हणेल? सोसायटी काय म्हणेल? माझी अक्षरशः पाचावर धारण बसली.  मी मान हलवली.

"मग दोन ओळी लिहून द्या," साहेब म्हणाले.

मी लिहिलं. कुणी माझा हात धरला नव्हता. 'मोमेना बीबी नावाच्या कोणत्याही व्यक्तीस मी ओळखत नाही. प्रस्तुत सही माझी नाही.' लिहिताना मनात एक पळवाटही काढली — मी तर मिनतीला ओळखते, मोमेनाला थोडीच! किती हुशार, नाही? सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर एवढं तर जमतंच. पण त्या हुशारीने माझं स्वतःचंसुद्धा समाधान झालं नाही, तर तुमचं काय होणार.

त्या क्षणी दुपारचा एक वाजला होता. मोमेना माझ्या घरी माझ्या आईला भरवत असणार.

संध्याकाळी घरी गेले. तिने मला चहा दिला, बरोबर कांदा-मिरची घालून मुरमुरे. आई त्या दिवशी खूश होती, मिनेने केस धुऊन दिले म्हणून. मी मुरमुरे खाल्ले. सगळे खाल्ले. घशाखाली उतरले, हीच तर भयंकर गोष्ट आहे. चहा ओतणाऱ्या तिच्या हाताकडे बघताना मला एकच भीती वाटत होती — हिला कळलं तर? तिचं काय होईल, हे मनात आलं नाही असं नाही. आलं. पण नंतर आलं.

तीन दिवस मी गप्प राहिले. मी तिला सावध करू शकले असते. तो कागद फाडून टाक, क्लबकडे जा, चार दिवस गावाकडे जा — काहीही. रोज सकाळी ठरवायचे की आज बोलायचं, आणि रोज बूट घालून ऑफिसला निघून जायचे. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, उद्या ठाण्यावर बोलावलंय. चेहऱ्यावर भीती नव्हती हो! म्हणाली, "दीदी, आपनी आछेन तो." तुम्ही आहात ना. सही तुमची आहे, मग मला कसली भीती?

आणि मी तिला काय सांगितलं? मी म्हणाले, "जा. खरं ते सांग."

यापुढचं लिहिताना हात अडतोय. पण आता थांबून काय उपयोग? ती दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. वॉचमनकडून कळलं — सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिला ठाण्यावर बसवून ठेवलं होतं. शेवटी क्लबचा सेक्रेटरी गेला, तिची हमी घेतली आणि तिला सोडवून आणलं. ज्याला मी गुंड म्हणत होते, तो. आता ती कायमची त्याची बांधील. सेंटरच्या बाईने फोनवर मला सांगितलं, दुसऱ्या नावाचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं, ताई, फसवलं बघा तिने. मी म्हणाले, हो ना. आम्ही दोघींनी मिळून हळहळ व्यक्त केली.

नवी आया आली. आईने तिच्या हातून घास घेतला नाही. मिने कुठेय, मिने का येत नाही — दिवसभर तेच. मी सांगितलं, ती गावाला गेली. कुठल्या गावाला? घर तर पाण्यात गेलं होतं. आई पुढच्या श्रावणात गेली. जाईपर्यंत मिनेला हाक मारत होती, आणि मला रोज वाटायचं की ही आता माझ्याकडे बघून काहीतरी विचारेल. तिने विचारलं नाही.

प्रकरण मिटलं तेव्हा फाइल माझ्या माहितीसाठी माझ्या टेबलावर आली. साहेबांना वाटलं, मॅडमना बरं वाटेल. आत ठाण्याचं उत्तर होतं. त्या बाईला अधिकाऱ्यांचं पत्र वाचून दाखवण्यात आलं, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे तिने ते ऐकलं. ओळखत नाही, सही माझी नाही — शब्द न् शब्द ऐकला. मग तिला विचारण्यात आलं, या मॅडमना तू ओळखतेस का?

ती म्हणाली, नाही. कोर्टाबाहेर एका दलालाने कागद करून दिला, मॅडमना मी कधी पाहिलेलं नाही.

मी ते पान किती वेळा वाचलं असेल! ती माझं नाव घेऊ शकली असती. माझ्या आईच्या पाठीवर कुठे काय डाग आहे ते सांगू शकली असती, आमचा देव्हारा कुठल्या भिंतीला आहे ते सांगू शकली असती. तिला नुसतं वॉचमनसमोर उभं केलं असतं तरी मी खोटी पडले असते. तिने एक शब्द काढला नाही. मला वाचवलं म्हणू? की असली बाई आपल्याला माहीत नाही, असं तिला त्या दिवशी खरंच वाटलं? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

मी निवृत्त झाले, बक्षीस म्हणून शाल-श्रीफळ मिळालं, भाषणात साहेब माझ्या सचोटीबद्दल बोलले. अजून त्याच फ्लॅटमध्ये राहते, आणि आजही बालीगंज स्टेशनच्या बाजूने गेले की सकाळच्या गाडीतून उतरणाऱ्या कामवाल्या बायांचा घोळका दिसतो. मी रस्ता बदलते. तिची वस्ती माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. तीन वर्षांत मी तिकडे एकदाही गेलेले नाही.