हळदीचा गोळा

शेतात हळद शिजवायचा कुकर लागला आणि त्याची उग्र वाफ अंगावर आली की मला शहरातल्या त्या मोठ्या दवाखान्यातलं बाकडं आठवतं. आई आणि शेजारची काकू, दोघींनाही छातीचा कॅन्सर, दोघींना एकाच जीपने मी हिंगोलीहून तिथे नेलं होतं. तिथे नव्या औषधाची चाचणी चालू होती, औषध फुकट मिळणार होतं, पण थोड्याच बायकांना घेणार होते. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "घरचं काही औषध घेता का?" आई मोठ्या अभिमानाने म्हणाली, "व्हय, आमच्या वावरातल्या हळदीचा गोळा. रोज सकाळी, उपाशीपोटी." बाई म्हणाल्या, "चाचणीत दुसरं कुठलं औषध चालत नाही, मग आत्ता नाही घेता येणार. तो बंद करा आणि पुढच्या महिन्यात या." मागे उभ्या काकूने हे ऐकलं. तोच गोळा तीही खायची, आईनेच करून दिलेला. तिचा नंबर आला तेव्हा पदर सावरत ती म्हणाली, "काय बी न्हाई घेत, बाई." काकूला घेतलं. आम्ही महिन्याने गेलो तोवर जागा भरल्या होत्या. पुढे काकूच्या औषधाने केस गळालेल्या डोक्यावर नवे काळेभोर केस आले, आणि आईच्या तेराव्याला पंगतीत वाढणाऱ्या काकूचे ते केस बघून माझा जळफळाट झाला. तो अजून विझला नाही. काल कुकर लागला तशी काकू वाटी घेऊन आली. मी ओल्या हळदीने वाटी भरून दिली. ती वास घेत म्हणाली, "काही म्हण लेकरा, तुझ्या आईच्या हळदीनंच वाचले मी."