आदर म्हणून सांगितलेली गोष्ट

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आमच्या अध्यापक विद्यालयात दीड महिन्यासाठी एक इंग्लिश बाई शिकवायला आल्या. मुलींना इंग्रजीत बोलतं करणं हे त्यांचं काम. मी इंग्रजीचीच शिक्षिका, म्हणून दुभाषी म्हणून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं माझ्याकडे आलं. नाही म्हणायचीही ताकद तेव्हा नव्हती.

पहिल्याच दिवशी त्या टेबलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला नावानं हाक मारा. माझं पटलं नाही तर तसं सांगा." वर्ग गप्प. प्रश्न विचारला की मुली खाली बघायच्या. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांचे डोळे भरून आले. "मी यांना आवडत नाही का?"

मी थकलेली होते, पण यावर मात्र भरभरून बोलले. आमच्याकडे गुरूपुढे गप्प राहणं म्हणजे आदर, उलट प्रश्न विचारणं उद्धटपणा, वगैरे. त्यांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं, माझे आभार मानले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रश्न विचारणं बंद केलं. खुर्चीत बसून व्याख्यान द्यायला लागल्या, अगदी माझ्यासारख्या.

पंधरा दिवसांनी नागपुरातच, सीताबर्डीला मेट्रोच्या जिन्यावर वर्गातली एक मुलगी भेटली. शहराच्या टोकाच्या वाडीहून येणारी, वडील गोदामात हमाल. माझ्या हातातली पिशवी घेत तिनं विचारलं, "मॅडम, त्या बाई आता आमाले काही विचारत काहून नाही?"

"मीच सांगितलं त्यांना. तुम्ही आदरानं गप्प राहता म्हणून."

ती दोन पायऱ्या चढली. मग हळूच म्हणाली, "आदर नव्हता, मॅडम. रागावू नका, पण तुम्ही मागं बसून राहता नं. आमचं इंग्रजी चुकलं का तुम्ही सगळ्यांसमोर हसता. तुमचा भेव लागते."

मी हसत होते? आठवून पाहिलं. हसत होते.

ते बाईंना सांगायला मला तीन दिवस लागले. मी ज्याला संस्कृती म्हटलं ती मुलींना वाटणारी माझी भीती होती, एवढं इंग्रजीत नीट सांगताना माझंच व्याकरण चुकलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मीही त्यांना विचारायला हवं होतं. मी तुम्हालाच विचारलं." मग जरा चाचरत, "उद्यापासून तुम्ही वर्गात बसला नाहीत तर चालेल?"

चालणारच होतं. मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून गलका ऐकू आला. मोडकंतोडकं इंग्रजी, मधूनच हिंदी, हसणं. बरं वाटलं असं म्हणायला हवं. खरं तर त्या दिवशी मी डोकं टेबलावर टेकवून नुसती बसून राहिले.

बाई गेल्यावर वर्ग पुन्हा माझ्याकडे आला. मी प्रश्न विचारला आणि थांबले. कुणी बोललं नाही. पूर्वी मी लगेच उत्तर सांगून टाकत असे. त्या दिवशी खिडकीशी जाऊन उभी राहिले, बराच वेळ. शेवटी मीच उत्तर सांगितलं. तास संपायला पाच मिनिटं असताना मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, अजून एकदा विचारा नं."