उतरायचं राहिलेलं विमान

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत कवळीवाले म्हणते. शहरातले दंतवैद्य रुग्णांच्या जबड्यांचे ठसे त्यांच्याकडे पाठवतात आणि ते कवळ्या करून देतात. त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी लांब टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, शेजारी मेणाच्या वड्या आणि एक छोटा बर्नर. लग्न राहूनच गेलं. कोणी विषय काढला तर म्हणतात, "दिवसभर इतकी तोंडं समोर असतात, पण एकही उलटून बोलत नाही. आता सवय मोडायची कशाला?"

ते थोरल्या भावाकडे राहत. दादांना रेडिओवर चालणारी विमानं उडवायचा नाद होता आणि धाकट्याला ती बांधायचा. दादांचं आवडतं विमान म्हणजे एकावर एक दोन पंखांचं जुन्या धाटणीचं बायप्लेन. रविवारी सकाळी दोघे भाऊ शहराबाहेर बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानावर जात. वहिनी डबा घेऊन सोबत असायच्या. मीही कधीमधी जायचो.

या लोकांचा एक नियम आहे. उडवताना आधी हातातला ट्रान्समीटर, म्हणजे विमान चालवायचा रिमोट, चालू करायचा, मग विमानातलं बटण. बंद करताना उलट क्रम: विमान उतरल्यावर आधी त्याचं बटण बंद, मग ट्रान्समीटर. विमान हवेत असताना ट्रान्समीटर बंद करणं म्हणजे मुलाचा हात भर रस्त्यात सोडणं, असं दादा म्हणायचे.

गेल्या वर्षी त्याच मैदानावर, ते बायप्लेन हवेत असताना, दादा खाली बसले ते उठलेच नाहीत. कवळीवाले त्यांची छाती दाबत होते. मी गाडी आणायला धावलो. वहिनींनी दादांच्या हातातला ट्रान्समीटर काढून घेतला आणि घरातला दिवा मालवावा तसा सवयीने बंद केला. विमान जसं चाललं होतं तसं सरळ झाडांवरून पलीकडे गेलं. मागाहून आम्ही पुष्कळ शोधलं. कापडाचा एक तुकडाही मिळाला नाही.

दिवसकार्य आटोपलं, माणसांची ये-जा थांबली आणि वहिनींना आवाज येऊ लागला. भांडी घासता घासता त्या नळ बंद करत, पंखा बंद करत आणि खिडकीत उभ्या राहत.

"भाऊजी, ऐकलंत?"

"काय, वहिनी?"

"फिरतंय अजून. मीच सोडलं त्याला. उतरवणार कोण?"

कवळीवाले त्यांना समजावत, की टाकीत थोडंसंच इंधन होतं, विमान कधीच खाली आलं असणार. वहिनी मान डोलवत. पण जेवण अर्धं सोडून उठत. पुढे पुढे झोपही गेली. डॉक्टरांनी कानांची तपासणी केली, गोळ्या दिल्या. वजन उतरतच राहिलं.

एके दिवशी कवळीवाले खाली माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, मी तेच विमान पुन्हा बांधतोय. वहिनींच्या डोळ्यांसमोर उतरवायचं, त्यांच्या हातानं बंद करायचं. संपवायचं. नाहीतर ही बाई हातची जाईल."

सांगाडा त्यांनी जुन्या नकाशावरून झटपट उभा केला. खरा प्रश्न इंजिनाचा होता. वहिनींना घेऊन आम्ही तिघे अशा विमानांच्या दुकानात गेलो. दुकानदार जाडजूड आणि बोलका होता.

"बॅटरी आणि मोटर लावा हो," तो म्हणाला. "तेल नाही, धूर नाही, हात काळे नाहीत."

"आवाज?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"आवाजच नाही. तोच तर फायदा."

"मग आमच्या उपयोगाची नाही."

"कमाल आहे. लोक आवाज नको म्हणून येतात."

बायप्लेनचं नाक आखूड असतं, त्यामुळे पुढे वजन लागतं. दोन-दोन पंख हवा अडवतात, तेव्हा नाकावरचा मोठा पंखा सावकाश पण ताकदीने फिरवणारं इंजिन हवं. कवळीवाल्यांना हे सगळं ठाऊक होतं. तरी निर्णय त्यांनी वहिनींवर सोडला. दुकानदाराने मागच्या अंगणात लाकडी चौकटीवर एकेक इंजिन बसवून चालवायचं आणि वहिनींनी आत स्टुलावर भिंतीकडे तोंड करून ऐकायचं, असं ठरलं.

पहिलं टू-स्ट्रोक कर्कश किंचाळलं. "हे तर तुमचं कवळ्या घासायचं यंत्र, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या. दुसरं त्याच जातीचं, थोडं मोठं. "नाही."

तिसरं फोर-स्ट्रोक होतं. त्याचा आवाज खाली, घोगरा, एकेक ठोका मोजता येईल असा.  वहिनींनी चष्मा काढला, मान वर केली आणि दुकानाच्या छताकडे पाहू लागल्या. त्यांची नजर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हळूहळू सरकत गेली. छताला एक बंद दिवा होता, बाकी काही नव्हतं.

"हेच द्या," कवळीवाले म्हणाले.

उडवायचा दिवस स्वच्छ होता. मैदानावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. कवळीवाल्यांनी नवा ट्रान्समीटर चालू केला, मग विमान. काठीने नाकावरच्या पंख्याला झटका दिला, इंजिन सुरू झालं. विमान गवतावरून पळालं, शेपूट उचललं आणि वर गेलं. वहिनी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून उभ्या होत्या.

विमान डावीकडून मोठं वळण घेत आलं. तसाच आवाज मात्र उजवीकडे झाडांमागूनही येत होता. वाऱ्याने असं होतं, असं मी मनाशी म्हटलं. पुढच्या फेरीला विमान झाडांकडे गेलं तेव्हा दोन्ही आवाज एक झाले. त्या क्षणी कवळीवाल्यांचा अंगठा अडखळल्याचं मी पाहिलं.

"उतरवा आता," वहिनी म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी इंजिन मंद केलं. विमान वाऱ्याच्या तोंडावर खाली खाली आलं, गवताला टेकलं, एकदा उसळलं, थांबलं. इंजिन बंद झालं. वहिनी एकट्या चालत गेल्या. खाली बसून त्यांनी विमानाच्या नाकावर तळवा ठेवला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विमानाचं बटण बंद केलं, परत आल्या, भाऊजींच्या हातातल्या ट्रान्समीटरचं बटण बंद केलं. क्रम बरोबर. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्यादेखत उतरला. "चला. भूक लागलीय," असं म्हणून त्या गाडीकडे गेल्या.

कवळीवाले जागचे हलले नाहीत.

"साहेब, इंजिन बंद आहे ना?"

"आहे."

"मग तुम्हीही वर का बघताय?"

मी मान खाली घेतली. झाडांमागे तो घोगरा ठोका शांतपणे चालू होता. वहिनींनी गाडीतून हाक मारली, "येताय ना? की मुक्काम आहे इथे?" त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

त्या दुपारी त्या खिडकी लावून झोपल्या. पुढे वजन भरलं, शेजारणींशी भांडणंही पूर्ववत सुरू झाली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या.

परवा माझा एक दात हलू लागला म्हणून मी वर गेलो. कवळीवाले जबडा घासत बसले होते. थकलेले दिसले. टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत दादांचा जुना ट्रान्समीटर उभा होता. काच तडकलेली, पण लाल दिवा चालू. शेजारी बॅटरीचा दुसरा संच चार्ज होत होता.

"हा चालू का ठेवलाय?" मी विचारलं.

"वर एक आहे ना अजून," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नियम म्हणजे नियम. ते परत वहिनींकडे जाऊ द्यायचं नाही."

तेवढ्यात छतापलीकडून तो ठोका जवळ येऊ लागला. कवळीवाल्यांनी वर पाहिलं नाही. उजव्या हातात घासायचं यंत्र तसंच धरून त्यांनी डावा हात लांब केला आणि ट्रान्समीटरची दांडी किंचित डावीकडे दाबली, उतू जाणारं दूध खाली घ्यावं इतक्या सहज. बाहेर आवाज वळला आणि घरावरून न जाता लांब गेला.

स्वयंपाकघरातून वहिनी डोकावल्या. "दोघं इतके गप्प का? काय ऐकताय?"

"काही नाही, वहिनी," कवळीवाले म्हणाले. "साहेबांच्या दाताचं चाललंय. काढावा लागेल म्हणतोय."