गाण्यानंतर बोलूया

दर रविवारी ब्रॅकनेलहून लंडनच्या स्टॅनमोरपर्यंत गाडी हाकत मी त्याच्या कार्यक्रमाला जायचे, तेही फुकट. कम्युनिटी रेडिओवरचा मराठी तास. तो बोलायचा, मी काचेपलीकडे आवाजाचा मिक्सर सांभाळायचे. आवाज कसा, तर कडक इस्त्रीचा सदरा. आत माणूस आहे की नुसता हँगर, हे मला फार उशिरा कळलं.

फोनवर कुणी अवघड बोललं की तो टेबलावर दोन बोटं खाली ओढायचा. म्हणजे मी फोन करणाऱ्याचा आवाज उतरवायचा. मग मधाळ स्वरात, "खूप महत्त्वाचा मुद्दा! गाण्यानंतर बोलूया." गाणं संपलं की लाइनवर भलताच कॉलर. आधीच्याकडे तो कधीच परत वळला नाही. आणि श्रोते म्हणायचे, किती ऐकून घेतो हो हा!

अशा गुणांचं चीज राजकारणात नाही होणार तर कुठे? पासपोर्ट त्याने भारतीयच ठेवला होता. एका पक्षाने त्याला गावाकडच्या तालुक्यातून विधानसभेचं तिकीट दिलं. निरोपाच्या कार्यक्रमात कॉव्हेंट्रीच्या काकूंचा फोन आला. त्या निवृत्त नर्स, आमच्या सगळ्यात जुन्या श्रोत्या. त्यांची धाकटी बहीण त्याच तालुक्यात राहायची आणि डायलिसिससाठी घाट उतरून जिल्ह्याला जायची.

"तालुक्याच्या दवाखान्यात मशीन आणाल का?" काकूंनी विचारलं.

या वेळी बोटं हलली नाहीत. "पहिलं काम तेच, काकू. शब्द देतो."

त्या शब्दावर आजारी बहिणीने वाडीत घरोघर फिरून त्याच्यासाठी मतं मागितली. स्वारी निवडून आली. मशीनही आलं. रिबन कापतानाचा त्याचा फोटो आमच्या सगळ्यांच्या फोनवर आला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात वाढणाऱ्याने भांडं तरी खरं आणलं, असं मला क्षणभर वाटलंसुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात आमदारसाहेब 'अभ्यासदौऱ्यावर' लंडनला आले. स्टॅनमोरच्या हॉलमध्ये सत्कार, शाल, समोसे. मिक्सरवर त्याला मीच हवी होते. "यू नो माय सिग्नल्स," म्हणाला. अर्धा तास तो 'सामान्य माणसाचा आवाज' या विषयावर बोलला. सामान्य माणसं खुर्च्यांत बसून समोसे थंड होताना बघत होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. काकू मुलीच्या हाताला धरून उभ्या राहिल्या. माइक हातात आला.

"अहो, तुम्ही रिबन कापलेलं मशीन अजून खोक्यातच आहे. चालवायला माणूसच नाही. परवा घाटात दरड पडली, बहिणीचं डायलिसिस चुकलं. शी इज इन आयसीयू नाऊ. माणूस कधी देताय, तेवढं सांगा."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू ढळलं नाही. पोडियमवर दोन बोटं मात्र हळूच खाली सरकली.

मला किळस आली. मी हात मांडीखाली दाबून बसले. काकूंचा माइक चालूच राहिला.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोटं ओढली. मग तोच मधाळ स्वर. "काकू, खूप महत्त्वाचा मुद्दा. आपण यावर नंतर बोलूया."

"गाण्यानंतर ना?" काकू म्हणाल्या. हॉलच्या चारही कोपऱ्यांत ते स्वच्छ ऐकू गेलं. "बोला की आमदारसाहेब. आज गाणं नाहीये."