खुरट्या ठिपक्यांची राखण

सत्तरीच्या दशकात मी पुण्याला यीस्टवर संशोधन करत होतो. दिवाळीत प्रयोगशाळेला कुलूप लागायचं, पण यीस्टला कसली आलीय सुट्टी! मग काचेच्या बंद बशा फडक्यात गुंडाळून मी शिरूरमार्गे एसटीनं कवठे येमाईला यायचो. घरात त्यांना सगळे माझं दही म्हणायचे. ती ओसरी, ते कोवळं ऊन आठवलं की आजही जीव तिकडे ओढ घेतो.

धाकटी बहीण बशा बघत माझ्याजवळ बसून राही. ती उशिरा चालली, उशिरा बोलली. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की असं मूल कुणाच्याही पोटी येऊ शकतं. पण घरात निकाल कधीच लागला होता: गरोदरपणी आई ग्रहणात विळीवर बसली, म्हणून पोर अशी झाली. माझे वडील, आबा, हे चारचौघांत बोलत आणि आई खाली मान घालून ऐके. मला त्याची फार चीड यायची. मी किती वेळा समजावलं, पण माझं सगळं पुस्तकी म्हणून आबा उडवून लावत.

त्या दिवशी मी बशीत वाढलेल्या यीस्टच्या बारक्या ठिपक्यांखाली शाईनं खुणा करत होतो. आबांचा जन्म खुरटी रोपं उपटून बाजरीची विरळणी करण्यात गेलेला. त्यांना राहवलं नाही.

"टपोरी सोडून खुरटी कशापायी राखतुयास?"

मी सांगितलं, या यीस्टमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असतात. बीजाणू होताना तिनाची सारखी वाटणी होत नाही, आणि काहींच्या वाट्याला एखादं जादा येतं. ते बहुधा हळू वाढतात. मला तेच हवेत. पुढं संकर करून खात्री करायची.

आबांनी बशी उन्हात धरली. बराच वेळ बघत राहिले.

"वाटणी चुकती ती कुणामुळं?"

"कुणामुळंच नाही, आबा. आपोआप चुकते. माणसातही. आपल्या पोरीचंही तेच झालंय."

त्यांनी बशी जपून खाली ठेवली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. आबांचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला.

"तुझी काय बी चूक नव्हती गं."

भाकरीची थापथाप थांबली नाही.

"मला ठावं हुतं. तुम्हाला कवा कळंल, त्याची वाट बघत हुते."