दहावा गोल

गेल ट्रुइट त्या कॉलेजात मुलींची लॅक्रॉस कोच म्हणून आली, तेव्हा संघातल्या कुणालाही हरण्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. मेरिलँडच्या त्या किनाऱ्यावर पोरी धड चालायला लागतात न लागतात तोच त्यांच्या हातात या खेळाची, चेंडू झेलायची-फेकायची जाळीची काठी येते. तिथे असा संघ म्हणजे गावाला खाली मान घालायला लावणारी गोष्ट. दुकानात बायका गेलला थांबवून विचारायच्या, "तुझ्या पोरी अजून खेळतात होय?"

खरं दुखणं तिला पहिल्याच सामन्यात कळलं. एरवी गोल झाला की घड्याळ थांबतं. पण दहा गोलांचा फरक पडला की ते थांबवत नाहीत, पळू देतात, म्हणजे हरणाऱ्यांचे हाल लवकर संपतात. समोरच्यांनी तो दहावा गोल केला आणि गेलच्या बाकावरच्या पोरींनी चक्क एकमेकींना टाळ्या दिल्या.

"सुटलो!" ब्रिन म्हणाली. कॉलेजचं शेवटचं वर्ष असलेली ही संघातली थोरली. "आता लवकर बसमध्ये."

गेलच्या अंगाचा तिळपापड झाला. "हरायची एवढी घाई? कुणाच्या लग्नाला जायचंय?"

"तुम्ही नव्या आहात, कोच. होईल सवय."

त्याच आठवड्यात खेळ विभागाच्या प्रमुखाने, ड्वाइट हारगिसने, तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, नुसता कंटाळलेला होता.

"गेल, स्पष्टच सांगतो. घड्याळ पळालं नाही असा एक तरी सामना दाखव. नाहीतर मे महिन्यात हा संघ बंद."

गेलने हे पोरींना जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी सरावातून लवकर घरी कुणी गेलं नाही.

गोलमध्ये उभं राहायला मात्र एकही तयार होईना. एकदा कॉलेजच्या खाणावळीत कुणीतरी सफरचंद भिरकावलं आणि डेला नावाच्या दांडग्या पोरीने मान न वळवता ते डाव्या हातात झेललं. गेल ताट तसंच टाकून उठली.

"गोलकीपर होतेस?"

"मला लॅक्रॉसचा ओ की ठो कळत नाही, बाई."

"उत्तम. माझ्या बाकीच्या पोरींना सगळं कळतं, आणि बघ."

मोसमभर घड्याळ पळतच राहिलं. आधी मध्यंतराआधीच, मग मध्यंतरानंतर, मग अगदी शेवटाकडे. पण पळायचंच. राहता राहिला शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, आणि तोही खाडीपलीकडच्या तगड्या संघाशी.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा फरक नऊचा होता. कुंपणापाशी ड्वाइट उभा होता. नेमका तेव्हाच त्या संघाच्या उंच पोरीला गोलसमोर मोकळा फटका मिळाला. गेलने डोळे मिटून घेतले.

थाड! चेंडू डेलाच्या मांडीवर आदळला आणि गवतात घरंगळला. ब्रिनने तो वाकून काठीच्या जाळीत उचलला नि पळत सुटली. गोलाकडे नव्हे, कुठेही, फक्त लांब. तिघी मागे लागल्या होत्या. भोंगा वाजला तेव्हाही ती पळतच होती.

मग पोरींनी डेलाला खाली पाडून तिच्यावर जो ढीग घातला! समोरच्या कोचने गोंधळून फलकाकडे पाहिलं.

"गेल, आम्हीच जिंकलो ना?"

"हो गं बाई, अभिनंदन!" म्हणत गेल तिच्या गळ्यात पडून रडली.

सामन्यानंतर आईबापांनी मैदानाकडेला नेहमीसारखं टेबल मांडलं होतं. खेकड्याच्या सूपचा वाडगा हातात घेऊन ड्वाइट जवळ आला. "पुढच्या वर्षीचे सामने ठरवायला घे," तो म्हणाला आणि सूप प्यायला लागला.

गेल बाकावर चढली. "पोरींनो, संघ राहिला! पुढच्या वर्षी फरक पाचावर आणायचा!"

"पाच कसले, कोच?" ब्रिन ओरडली. "जिंकायचं!"

हा शब्द उच्चारायची हिंमत गेललाही मोसमभर झाली नव्हती.

"तुला काय त्याचं?" डेला हसली. "तू तर चाललीस कॉलेज सोडून."

"बघायला येणार ना मी," ब्रिन म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. "मला नाही तुम्हाला हरताना बघवणार."